मेल येतो, पण जात नाही

ऑफिसच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडला, खासगी खात्यातले नवे मेल भराभर आले, त्यातल्या एकाला उत्तर लिहून 'सेंड'चे बटण दाबले आणि ते उत्तर आउटबॉक्समध्येच अडकून पडले. संध्याकाळी घरी तोच लॅपटॉप, तेच खाते, तोच पासवर्ड, आणि मेल क्षणात निघून जातो. इंटरनेट चालू आहे, मेल येतो आहे, म्हणजे तो जायलाही हवा, असा साधा तर्क असतो. तो चुकतो, कारण मेल येण्याची आणि जाण्याची वाट एक नाही. ही दोन कामे वेगवेगळे सर्व्हर वेगवेगळ्या नियमांनी आणि वेगवेगळ्या दारांतून करतात. ऑफिसच्या जाळ्यावर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे फायरवॉलने, त्यातले एक दार उघडे आणि दुसरे बंद ठेवले की नेमका हा अनुभव येतो.

या दाराला संगणकाच्या भाषेत पोर्ट म्हणतात. पोर्ट ही दिसणारी वस्तू नव्हे. इमारतीच्या पत्त्यापुढे खोलीचा क्रमांक लिहावा तसा सर्व्हरच्या पत्त्यापुढे लावलेला तो एक आकडा असतो. खात्यातले मेल वाचायला आणण्यासाठी आयमॅप किंवा पॉप ही पद्धत वापरतात. त्यांची सुरक्षित पोर्ट अनुक्रमे ९९३ आणि ९९५. मेल पाठवायला मात्र एसएमटीपी ही तिसरीच पद्धत लागते आणि तिच्याशी २५, ५८७ आणि ४६५ असे तीन आकडे जोडलेले आहेत. ऑफिसातून मेल न जाण्याची निम्मी कहाणी या तीन आकड्यांच्या इतिहासात दडलेली आहे.

एसएमटीपीची नियमावली जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. ते तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत काम करत. त्या वेळचे जाळे म्हणजे प्रामुख्याने विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी यंत्रणा यांचे छोटेसे गाव होते. बहुतेकांची एकमेकांशी ओळख. त्यामुळे २५ क्रमांकाच्या पोर्टवर मेल घेऊन येणाऱ्याला 'तू कोण' असे विचारण्याची तरतूदच नियमावलीत नव्हती. पाकिटावर पाठवणाऱ्याचे जे नाव असेल ते खरे धरायचे आणि मेल पुढे सरकवायचा, एवढेच सर्व्हरचे काम. पुढे गावाचे महानगर झाले, तरी दार तसेच सताड उघडे राहिले. जाहिरातींचा कचरा त्यातून वाहू लागला आणि त्यापाठोपाठ संगणकातले किडे आले. ऑगस्ट २००३ मधला 'सोबिग-एफ' आणि जानेवारी २००४ मधला 'मायडूम' यांच्या पोटात मेल पाठवण्याची स्वतःची यंत्रणाच होती. संगणकात शिरल्यावर तिथले पत्ते गोळा करायचे आणि मालकाला न कळता मेलचा मारा सुरू करायचा, ही त्यांची रीत.

एखाद्या ऑफिसातल्या एका संगणकाला अशी लागण झाली की भोगावे लागते सगळ्या ऑफिसला. बाहेरच्या जगाला त्या ऑफिसचा एकच इंटरनेट पत्ता दिसतो. तो पत्ता कचरा-मेल पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या 'स्पॅमहाउस'सारख्या संस्थांच्या काळ्या यादीत गेला की ऑफिसचीच निविदा, बिले आणि ग्राहकांना दिलेली उत्तरे परत येऊ लागतात. म्हणून कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर वगळता कोणत्याही संगणकाला २५ वरून बाहेर जाऊ द्यायचे नाही, हा नियम जगभर रुळला. जपानमधल्या इंटरनेट कंपन्यांनी २००५ पासून घरगुती ग्राहकांसाठीही हे दार बंद करायला सुरुवात केली. गुगलच्या क्लाउडमध्ये भाड्याने घेतलेल्या संगणकांनाही सहसा २५ वरून बाहेर मेल पाठवता येत नाही. ऑफिसच्या फायरवॉलने २५ अडवले असेल तर तो कर्मचाऱ्यांना दिलेला त्रास नसून योग्य खबरदारी आहे, आणि ते उघडून मागणे ही चुकीची मागणी आहे.

योग्य दार वेगळे आहे आणि ते गेल्या शतकातच बांधून झाले आहे. डिसेंबर १९९८ मध्ये रँडल गेलन्स आणि जॉन क्लेन्सिन यांनी मेल 'सुपूर्त करणे' आणि मेल 'वाहून नेणे' ही कामे वेगळी करणारी नियमावली मांडली. टपालखात्यातही हा फरक असतोच. गावोगावच्या टपालाच्या थैल्या सॉर्टिंग ऑफिसच्या मागच्या दाराने आत येतात, आणि रजिस्टर पत्र टाकणारा माणूस पुढच्या खिडकीशी उभा राहतो. पोर्ट २५ हे ते मागचे दार, एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्यासाठीचे. पोर्ट ५८७ ही पुढची खिडकी. तिथे आधी नाव आणि पासवर्ड सांगायचा, ओळख पटली तरच मेल स्वीकारला जातो. ४६५ ची गोष्ट जरा वळणाची आहे. १९९७ मध्ये ते सुरुवातीपासून कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक, संभाषणासाठी नेमले गेले. लगेच पुढच्या वर्षी ती नेमणूक रद्द झाली, तरी अनेक मेल कंपन्यांनी ते चालूच ठेवले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये इंटरनेटच्या मानक ठरवणाऱ्या मंडळाने त्याला पुन्हा मान्यता दिली आणि नव्या वापरासाठी तेच पसंतीचे ठरवले. मेल प्रोग्राममध्ये पाठवण्याचे पोर्ट अजून २५ असेल, तर ते बदलून ४६५ किंवा ५८७ करणे हा पहिला उपाय, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. जीमेल ही दोन्ही पोर्ट चालवते. आउटलुक डॉट कॉमचा सर्व्हर ५८७ मागतो.

एवढ्याने भागले नाही तर मेल नेमका कुठे अडला हे आधी ठरवावे लागते. सेटिंग भराभर बदलत सुटणे हा वेळ घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या की कोणती लागू पडली आणि कोणती नवी बिघडली हे कळत नाही. मेल आउटबॉक्समध्येच असेल तर तो संगणकाबाहेर पडलेला नाही. 'सेंट'मध्ये गेला आणि थोड्या वेळाने 'मेलर-डेमन' या नावाने परत आला, तर तो फायरवॉल ओलांडून गेलेला आहे. दोष पत्त्यात किंवा समोरच्याच्या सर्व्हरमध्ये शोधावा, ऑफिसला बोल लावू नये. आणखी एक फसवा प्रकार असतो. मेल व्यवस्थित जातो, पण त्याची प्रत 'सेंट'च्या कप्प्यात ठेवताना आयमॅपची जोडणी तुटते आणि पडद्यावर त्रुटीचा संदेश झळकतो. माणूस घाबरून पुन्हा पाठवतो आणि समोरच्याला तेच पत्र तीनदा मिळते.

त्यानंतरची कसोटी म्हणजे नेटवर्क बदलून पाहणे. लॅपटॉप स्वतःचा असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवर तोच मेल पाठवून बघावा. गेला, तर सेटिंग बरोबर आहे आणि अडथळा ऑफिसच्या वाटेवर आहे. नाही गेला, तर दोष बहुधा फायरवॉलचा नाही. ऑफिसच्या मालकीच्या संगणकावर मात्र ही चाचणी करू नये. एका बाजूने ऑफिसचे जाळे आणि दुसऱ्या बाजूने बाहेरचे मोबाइल जाळे जोडलेला संगणक म्हणजे कुंपणाला पाडलेले भगदाड, आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमांत त्याला मनाई असते. 'फोनवरून तर ऑफिसच्या वाय-फायवरही मेल जातो' हा पुरावाही इथे टिकत नाही. फोनमधले जीमेलचे अ‍ॅप जीमेल खात्यासाठी एसएमटीपी वापरतच नाही. ते वेबसाइटप्रमाणे पोर्ट ४४३ वरून आपल्या सर्व्हरशी बोलते, आणि ४४३ बंद केले तर ऑफिसातले सगळे ब्राउझरच ठप्प होतील. म्हणून अ‍ॅप चालते आणि शेजारच्या लॅपटॉपवरचा थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम अडतो.

अडथळा वाटेवर आहे असे ठरले की तो कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या वागण्यावरून ओळखू येते. फायरवॉल दोन तऱ्हांनी नकार देते. काही ठिकाणी ती बाहेर निघालेली विनंती गुपचूप टाकून देते. मेल प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसतो आणि बऱ्याच वेळाने वेळ संपल्याचे सांगतो. विंडोजमध्ये याचा आकडा १००६०. दुसऱ्या ठिकाणी तात्काळ 'नाही' असे कळवले जाते. तिथे वाट बघावी लागत नाही, चूक ताबडतोब दिसते आणि आकडा असतो १००६१. पहिल्या प्रकारात बहुधा फायरवॉलचा हात असतो. दुसऱ्यात फायरवॉल असू शकते किंवा पोर्टचा आकडाच चुकलेला असू शकतो. सर्व्हरचे नावच सापडत नाही असा संदेश असेल तर नावातली अक्षरे तपासावीत. टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला तरी एवढे होते.

याची खात्री करायला मेल प्रोग्रामचीही गरज नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' हा आदेश सर्व्हरचे नाव आणि पोर्टचा आकडा देऊन चालवला, की शेवटच्या ओळीत 'ट्रू' किंवा 'फॉल्स' असे उत्तर मिळते. तीनही पोर्टसाठी तो चालवायला दोन-तीन मिनिटे लागतात. २५ ला 'फॉल्स' आणि ५८७ ला 'ट्रू' आले तर चित्र स्वच्छ आहे. तिन्हींना 'फॉल्स' आले तर ऑफिसने मेल पाठवण्याच्या सगळ्याच वाटा बंद केल्या आहेत. जुन्या पुस्तकांत यासाठी टेलनेट सुचवलेला आढळतो. तोही चालतो, पण व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो मुद्दाम सुरू करावा लागतो.

दार उघडे दिसूनही मेल जात नाही, असेही होते आणि हा भाग जास्त बारकाईने बघण्यासारखा आहे. काही फायरवॉल नुसते दार उघडत वा लावत नाहीत. दारातून चाललेले बोलणे ऐकतात आणि त्यात फेरफारही करतात. ५८७ वर संभाषणाची सुरुवात उघड्या भाषेत होते. सर्व्हर आपल्या सोयी सांगतो, त्यात 'स्टार्ट-टीएलएस' हा शब्द असतो, आणि तो ऐकल्यावर मेल प्रोग्राम सांकेतिक भाषेकडे वळतो. सिस्कोच्या जुन्या पिक्स फायरवॉलमधली मेल तपासणी सर्व्हरचे स्वागतवाक्य झाकून तिथे फुल्यांची रांग ठेवत असे, आणि त्याच कुळातल्या पुढच्या एएसए यंत्रांत 'स्टार्ट-टीएलएस'च्या जागी एक्सची माळ दिसू शकते. मेल प्रोग्रामला तो शब्द ऐकूच येत नाही आणि 'हा सर्व्हर सुरक्षित जोडणी देत नाही' असा निष्कर्ष तो काढतो. अशा वेळी सुरक्षिततेच्या रकान्यात 'उपलब्ध असल्यास' असा पर्याय निवडलेला असेल तर जुना प्रोग्राम मुकाट्याने उघड्या भाषेतच पुढे जातो, आणि मेलच नव्हे तर पासवर्डही उघडा पडू शकतो. म्हणून तो पर्याय कधीही ठेवू नये. स्टार्ट-टीएलएस सक्तीचे करावे, किंवा त्याहून बरे म्हणजे ४६५ घ्यावे. तिथे पहिल्या शब्दापासूनच संभाषण सांकेतिक असल्यामुळे खोडायला मधल्याच्या हाती काही लागत नाही.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचा इशारा हा याच कुळातला. मेल प्रोग्राम अचानक म्हणतो की सर्व्हरचे प्रमाणपत्र ओळखीचे नाही. प्रथम संगणकाचे घड्याळ पाहावे. तारीख चुकली असेल तर खरे प्रमाणपत्रही खोटे ठरते. घड्याळ बरोबर असेल तर प्रमाणपत्र कोणी दिले आहे ते उघडून बघावे. तिथे प्रमाणपत्रे देणाऱ्या ओळखीच्या संस्थेऐवजी स्वतःच्या ऑफिसचे किंवा फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिसले, तर फायरवॉल मध्ये उभी राहून सांकेतिक संभाषण उलगडून बघते आहे. ऑफिसला आपल्या जाळ्यावर असे करण्याची कारणे असतात. कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये ही त्यातली मोठी. परंतु तो इशारा 'मान्य' करून पुढे जाणे म्हणजे खासगी खात्याचा पासवर्ड त्या यंत्राच्या हातात ठेवणे. खासगी मेल पाठवण्याची ती जागा नव्हे, इतकेच त्यातून समजून घ्यावे.

कधी पहारेकरी संगणकाच्या आतच असतो. ऑफिसने बसवलेल्या काही अँटिव्हायरसमध्ये ठरावीक प्रोग्रामखेरीज कोणालाही मेल पाठवू न देण्याचा नियम असतो. तसेच वाय-फायला जोडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडून नाव आणि पासवर्ड मागण्याची पद्धत आपल्याकडच्या ऑफिसांत आणि कॉलेजांत सर्रास आहे. ते लॉगिन काही तासांनी संपते. ब्राउझर पुन्हा ते पान दाखवतो, मेल प्रोग्राम बिचारा ते दाखवू शकत नाही आणि नुसताच अडून बसतो. ब्राउझर एकदा उघडून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय असून तोच शेवटी आठवतो.

सर्व्हरपर्यंत पोचून तिथून नकार आला तर तो आकड्यात येतो. चारने सुरू होणारा तीन अंकी आकडा म्हणजे सध्या नाही, नंतर या. पाचने सुरू होणारा म्हणजे असेच पाठवाल तर कधीच नाही. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. इथे ऑफिसचा संबंध नाही, आणि पासवर्ड बरोबर टंकलेला असूनही हा आकडा येऊ शकतो. गुगलने ३० मे २०२२ पासून खासगी खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रामना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर आत घेणे थांबवले. आता प्रोग्रामने गुगलच्या स्वतःच्या लॉगिन पानावरून परवानगी घ्यायची, किंवा दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यायचा. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी साध्या पासवर्डची पद्धत १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली. वर्षानुवर्षे न बदललेली सेटिंग या तारखांनंतर निकामी झाली आणि दोष मात्र अनेकांनी ऑफिसच्या फायरवॉलला दिला.

५५० किंवा ५५४ सोबत 'रिले' हा शब्द आला तर गोष्ट निराळी. सर्व्हर म्हणतो, हा मेल माझ्या गावचा नाही आणि पाठवणाऱ्याला मी ओळखत नाही, तो मी का वाहून नेऊ? पाठवण्याच्या सर्व्हरसाठी ओळख देण्याची खूण केलेली नसली की हे घडते. येणाऱ्या मेलसाठी पासवर्ड दिला म्हणजे जाणाऱ्यासाठीही दिला, असे नसते. कधी फायरवॉल २५ वरचे सगळे मेल परस्पर ऑफिसच्या सर्व्हरकडे वळवते. मग नकार येतो तो भलत्याच सर्व्हरकडून.

अडलेल्या खासगी मेलवर एक उपाय अनेकदा सुचवला जातो: खासगी पत्ता तसाच ठेवून पाठवण्याचा सर्व्हर मात्र ऑफिसचा द्यायचा. तो टाळलेला बरा. कोणत्या पत्त्यावरचा मेल कोणत्या सर्व्हरने पाठवावा याची जाहीर नोंद आता मेल कंपन्या ठेवतात, आणि घेणारे सर्व्हर ती पडताळतात. याहूने एप्रिल २०१४ मध्ये असे परक्या सर्व्हरवरून आलेले, आपल्या नावाचे मेल सरळ नाकारा, असे जगाला कळवले. त्यामुळे ऑफिसच्या सर्व्हरने पाठवलेला खासगी पत्त्यावरचा मेल स्पॅममध्ये पडतो किंवा परत येतो, आणि त्याची प्रत ऑफिसच्या साठ्यात राहू शकते ती वेगळीच.

छोटे मेल जातात आणि जोडलेल्या फाइलसह अडतात, अशी तक्रार असेल तर आकाराकडे पाहावे. मेलमधून जाण्यासाठी फाइलचे अक्षरांत रूपांतर होते आणि दर तीन बाइटच्या जागी चार लागतात. २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीच्या आसपास होते. सर्व्हरची मर्यादा ओलांडली तर ५५२ हा आकडा येतो. आकडा न येता जोडणी मधेच तुटत असेल तर फाइल बाहेर जाऊ न देणारा ऑफिसचा नियम आड येत असण्याची शक्यता मोठी.

तिन्ही पोर्ट बंद असतील, किंवा ऑफिसातून फक्त वेब प्रॉक्सीमार्गेच बाहेर जाता येत असेल, तर मेल प्रोग्रामशी झटापट करण्यात अर्थ नाही. ऑफिसची परवानगी असेल तर ब्राउझरमधून खाते उघडून पाठवावे, नसेल तर स्वतःच्या फोनवरून मोबाइल डेटा वापरून. व्हीपीएनचा बोगदा खणून फायरवॉलखालून जाण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्या बोगद्यामुळे ऑफिसच्या सुरक्षेला छेद जातो आणि नोकरीही अडचणीत येऊ शकते. भारतातल्या कंपन्यांना 'सर्ट-इन' या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे आपल्या संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. असा बोगदा त्या नोंदींत दिसून येतो.

आयटी विभागाकडे जाताना 'माझा मेल जात नाही' एवढेच सांगितले तर उत्तर मिळायला दिवस लागतात. सर्व्हरचे नाव, पोर्ट, त्रुटीच्या संदेशाचे नेमके शब्द, प्रयत्न केल्याची वेळ, आणि बाहेरच्या नेटवर्कवर तेच सेटिंग चालते की नाही, इतके एका कागदावर दिले तर फायरवॉलच्या नोंदींत ती ओळ शोधणे मिनिटांचे काम होते. मागणीही नेमकी असावी: अमुक सर्व्हरकडे ४६५ किंवा ५८७ वरून जाऊ द्यावे. सगळ्या जगाकडे दार उघडण्यापेक्षा एका पत्त्याकडे उघडणे आयटीवाल्यांना मान्य करणे सोपे जाते. नकार मिळाला तर तो धोरणाचा भाग आहे; तिथे तांत्रिक दुरुस्तीचे काम संपते.

वाट मोकळी झाल्यावर पहिल्यांदा आउटबॉक्स रिकामा करून घ्यावा. अडकलेले आठवडाभराचे मेल एकदम सुटतात आणि त्यात रद्द झालेल्या भेटीचे निमंत्रणही असू शकते. मग स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक साधा आणि एक फाइल जोडलेला मेल पाठवून, तो स्पॅममध्ये न जाता पोचला ना हे बघावे. शोधाच्या भरात अँटिव्हायरस थांबवला असेल, सुरक्षिततेचा पर्याय 'काहीही नाही' असा करून पाहिला असेल, तर ते पूर्ववत करावे. आणि असा पर्याय चालू असताना पासवर्ड एकदाही पाठवला गेला असेल, तर तो बदलून घ्यावा.